कॅचरचा हजेरीपट

मंडळी, आजचा विषय बेसबॉल. दचकू नका! क्रिकेट सोडून ही बाई बेसबॉलकडे कुठे वळली, असं आमच्या दादाला नक्की वाटणार. कारण त्याचाच मुलगा. न्यू जर्सीत राहणारा हा माझा भाचा दर मार्चमध्ये फोनवर विचारतो, "आत्या, यंदा कॅचरवर किती डॉलर घालू?" (वहिनी, डॉलर लुटुपुटूचे असतात हं, काळजी नको.) मी इतिहास शिकवायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या कॅचर प्रकरणाच्या मुळाशी गेले आणि त्यातच रमले.

आधी हा खेळ काय ते सांगते. याला म्हणतात फँटसी बेसबॉल. दहा-बारा मित्र जमतात आणि खऱ्या खेळाडूंचा खोटा लिलाव करतात. प्रत्येकाचा एक मनातला संघ तयार होतो. मग खरे सामने सुरू झाले की त्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं त्याचे आकडे आपापल्या संघाच्या खात्यात जमा. याचा जनक डॅनियल ओक्रेंट हा लेखक-संपादक. पुढे २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वाचकांच्या वतीने पेपरावरच टीका करायला पहिला माणूस नेमला, तो हाच. १९७९ च्या अखेरीस त्याला ही कल्पना सुचली आणि १९८० च्या हंगामात पहिली लीग खेळली गेली. मित्रमंडळी न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' नावाच्या खाणावळीत जमत, म्हणून नाव पडलं रोटिसरी लीग. सुरुवातीला फलंदाजांचे चारच आकडे धरत: सरासरी, होमरन, आपल्या फटक्यावर आलेल्या धावा आणि चोरलेले बेस. एवढंच. झेल नाही, फेक नाही, डोकं नाही.

पुढे या खेळाचे नियम पक्के झाले. प्रत्येकाला २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे, आणि त्यात कॅचर दोन हवेतच. या दोनमध्येच सगळी गोम आहे. ओक्रेंटची मंडळी फक्त नॅशनल लीगचे खेळाडू घेत आणि तेव्हा त्या लीगमध्ये संघ होते १२. आता बारा मालक लिलावाला बसले तर कॅचर लागणार २४. म्हणजे प्रत्येक खऱ्या संघाचा पहिला कॅचर तर संपलाच, वर राखीवसुद्धा कुणाच्या तरी गळ्यात पडणार. तो आठवड्यातून एखाद-दोन दिवस खेळणार आणि खेळला तरी धावांच्या नावाने शंख. म्हणून ज्याचा कॅचर बऱ्यापैकी मारतो तो मालक भाग्यवान. तीस होमरन मारणारा फर्स्ट बेसचा गडी आणि तीस होमरन मारणारा कॅचर यांचे आकडे सारखे असले तरी भाव सारखा नसतो, कारण पहिल्याच्या जागी दुसरा सहज मिळतो. बाजारात शेवटचा उरलेला माल कसा आहे, त्यावर पहिल्याची किंमत. भाजी आणायला जाणाऱ्या कुणालाही हे अर्थशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

गंमत अशी की या हिशेबात अगदी न खेळणारा कॅचर हा वाईट खेळणाऱ्यापेक्षा परवडतो. वाईट खेळणारा रोज मैदानात उतरून संघाची सरासरी खाली ओढतो, न खेळणारा निदान बिघडवत तरी नाही. वर्गातल्या काही मुलांबद्दल स्टाफरूममध्ये असंच बोलायचे. असो.

पण मुळात कॅचर रोज का खेळत नाही? आपल्याकडे यष्टिरक्षक संघात असला की असतो. तिकडे हंगाम १६२ सामन्यांचा, जेमतेम सहा महिन्यांत, म्हणजे जवळजवळ रोज सामना. कॅचरने पिचरसमोर उकिडवं बसायचं, उठायचं, परत बसायचं. एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू बॅटला निसटता लागून मुखवट्यावर आदळतो तो वेगळाच. कॅचरच्या मुखवटा-छातीपट-पिंडरीपट या सरंजामाला अमेरिकेत 'अडाणीपणाची अवजारं' म्हणतात, शहाणा माणूस हे अंगावर चढवेल कशाला, या अर्थाने! म्हणून कॅचरची किंमत काढताना आधी त्याचा हजेरीपट बघावा लागतो. तो किती दिवस खेळणार, हे तो किती चांगला खेळतो याच्याइतकंच मोलाचं.

या हजेरीपटावरचं सगळ्यात मोठं नाव शिकागो कब्जचा रँडी हंडली. १९६८ मध्ये त्याने १६० सामन्यांत कॅचर म्हणून काम केलं. हा उच्चांक आजही त्याच्याच नावावर आहे. पण पुढचं पान वाचा. १९७० मध्ये गुडघ्याच्या दुखापतींनी तो ७३ सामन्यांवर आला आणि १९७१ मध्ये फक्त ९. त्याच काळात सिनसिनाटीचा जॉनी बेंच होता. १९७० मध्ये ४५ होमरन, १४८ धावा आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. त्याच्या संघाने मात्र त्याला अधूनमधून आउटफिल्डला किंवा फर्स्ट बेसला उभं केलं. बॅट हातात राहिली, गुडघ्यांना विसावा मिळाला. माझ्या मते बेंच थोर होताच, पण त्याला वापरणारेही शहाणे होते.

क्रेग बिजिओ हा तर कॅचर म्हणून ऑलस्टार झालेला. त्याला ह्यूस्टनने १९९२ मध्ये सेकंड बेसवर नेलं. पाय वाचले आणि माणूस ३०६० हिट्स करून निवृत्त झाला.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मिनेसोटाच्या जो मावरची. २००६, २००८ आणि २००९ अशी तीनदा त्याने अमेरिकन लीगमध्ये सरासरीचा पहिला क्रमांक मिळवला. २००९ ची सरासरी होती ०.३६५! घरच्याच गावचा मुलगा, म्हणून संघाने २०१० मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. ऑगस्ट २०१३ मध्ये चेंडू मुखवट्यावर लागून डोक्याला मार बसला आणि त्याचं कॅचरपण संपलं. संघाने त्याला फर्स्ट बेसवर हलवलं. आता फँटसीतली मेख बघा. आदल्या हंगामात ज्या जागेवर ठरावीक सामने खेळला (बऱ्याच ठिकाणी २०), ती जागा पुढच्या वर्षीही त्याच्या नावावर राहते. म्हणजे २०१४ मध्ये मावर कागदावर कॅचर आणि प्रत्यक्षात रोज खेळणारा फर्स्ट बेसमन! लिलावात बसणाऱ्यांना याहून गोड फळ कुठलं? आणि झालं काय, तर वर्षभरात होमरन चार. पुढे त्याने सांगितलं की त्या माराचा परिणाम नजरेवर बराच काळ राहिला होता. कागदावरची जागा बघणाऱ्यांना तो दिसणार कसा? २०१८ मधल्या अखेरच्या सामन्यात एका चेंडूपुरता तो पुन्हा मुखवटा चढवून बसला, तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं होतं. ते दृश्य यूट्यूबवर आहे. जरूर बघा, बेसबॉल कळत नसलं तरी.

मला या सगळ्यात खरा कळीचा मुद्दा वाटतो तो असा. कॅचरला खेळवतात एका कारणासाठी आणि फँटसीत त्याला विकत घेतात दुसऱ्याच कारणासाठी. व्यवस्थापक बघतो की हा पिचरला सांभाळतो का, बेस चोरणाऱ्याला अडवतो का, काठावरचा चेंडू हातमोज्यात असा अलगद घेतो का की पंचाला तो आतला वाटावा. या शेवटच्या कलेला तिकडे फ्रेमिंग म्हणतात. शंभर वर्षं सगळे म्हणत होते की ही कला आहे, पण मोजमाप नव्हतं. प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आल्यावर, २०११ मध्ये माइक फास्ट या अभ्यासकाने दाखवलं की चांगला फ्रेमिंगवाला वर्षाकाठी संघाच्या कितीतरी धावा वाचवतो. होझे मोलिना हा जाडजूड, संथ, बॅटिंगला यथातथा गडी एकदम रत्न ठरला. टाम्पा बेने त्याला घेतलं आणि वयाच्या सदतिशीत नियमित खेळवलं. फँटसीत मात्र त्याची किंमत शून्य, कारण त्या आकड्यांत फ्रेमिंगचा रकाना नाही. उलट बॅट चांगली आणि हातमोजा कच्चा असा तरुण लिलावात महाग जातो आणि मे महिन्यात बाकावर बसतो. भाच्याला मी हेच सांगते, बाबा रे, आधी हातमोजा बघ. त्याने हजेरी मिळते, हजेरीने आकडे मिळतात. २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची सोय झाली आहे, त्यामुळे या कलेचा भाव उतरेल असं मला वाटतं.

दुसरी वाट म्हणजे फक्त बॅटिंग करणारा नेमलेला गडी. अमेरिकन लीगमध्ये ही सोय १९७३ पासून होती, २०२२ पासून दोन्हीकडे आहे. कॅचरला विश्रांतीच्या दिवशीही बॅट मिळू लागली. साल्वादोर पेरेझने २०२१ मध्ये ४८ होमरन मारून बेंचचा ४५ चा उच्चांक मोडला. २०२५ मध्ये सिअॅटलच्या कॅल रॅलीने १५९ सामने खेळून ६० मारले! साठ! त्यातल्या बऱ्याच सामन्यांत तो उकिडवा बसलाच नव्हता.

पण हजेरी नेहमी गुडघ्यांमुळेच चुकते असं नाही. एल्स्टन हॉवर्ड १९५५ मध्ये यांकीजकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. जॅकी रॉबिन्सननंतर आठ वर्षांनी! तो कॅचर, पण संघात योगी बेरा हा महान कॅचर ठाण मांडून होता, त्यामुळे हॉवर्ड आउटफिल्डमध्ये धावत राहिला. मुख्य कॅचरची जागा नीट हाती आली तेव्हा तिशी उलटली होती. त्या १९६१ सालात त्याची सरासरी ०.३४८. १९६३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा तिथला पहिला कृष्णवर्णीय. आधीच्या सहा वर्षांत त्याला रोज हातमोजा मिळाला असता तर काय, याचं उत्तर कुठल्या लिलावात मिळणार?

आणि जॉश गिब्सन. त्याला तर मोठ्या लीगचं दारच बंद होतं. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या निग्रो लीगच्या संघांचा कॅचर. जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला आणि तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने त्या लीगचे आकडे आपल्या वहीत घेतले आणि एका दिवसात गिब्सन ०.३७२ ची सरासरी घेऊन टाय कॉबच्याही वर, पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. ते आकडे अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून आणि धावपत्रकांतून वेचून आणलेले. मात्र त्यात फक्त लीगचे सामने आहेत. पोट भरण्यासाठी गावोगाव बस हाकत त्याचा संघ जे सामने खेळला, ते कुठल्याच पटावर नाहीत.