सेकंड हँड कंडेन्सर माइक घेताय? आधी ४८ व्होल्टचं विचारा

‘मोबाइलला चालेल का?’ जुना कंडेन्सर माइक घेणारे मला हेच विचारतात. थेट फोनला? बहुतेक वेळा नाही.

कंडेन्सर माइकला बाहेरून वीज लागते. स्टुडिओतले तीन पिनांचे, म्हणजे एक्सएलआर माइक साधारण ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतात. फोनचा हेडफोन जॅक देतो जेमतेम २-३ व्होल्ट. तेवढ्यावर कॉलर माइक चालतो, हा नाही. त्यामुळे विकणारा ‘३.५ एमएमची केबल फ्री देतो’ म्हणाला तरी हुरळून जाऊ नका, केबलने व्होल्टेज वाढत नाही. बीएम-८०० सारखे स्वस्त माइक तशा केबलवर कधीकधी चालतात, पण आवाज दबलेला येतो.

मॉडेल नंबर विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात पॉवरची ओळ शोधा. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० ला ४८ व्होल्ट लागतात, रोड एनटी१-ए २४ वरही चालतो. एटी२०२० चं यूएसबी मॉडेलही आहे, त्याला फँटम लागत नाही. म्हणून फोटोत खालचं सॉकेट नक्की बघा.

खरा धोका जुन्या शूटिंगच्या मालात. सेनहायझर एमकेएच ४१६ वर ‘पी४८’ असेल तर ठीक. ‘टी’ असेल तर तो १२ व्होल्टच्या टी-पॉवरचा. त्याचं वायरिंगच वेगळं असतं, ४८ व्होल्टला जोडलात तर बिघडू शकतो. ट्यूब माइकला स्वतःचा पॉवर सप्लाय लागतो. तो सोबत नसेल तर मी भावसुद्धा विचारत नाही.

बघायला जाताना ऑडिओ इंटरफेस न्या. गेन शून्यावर, मग केबल, मग ४८ व्होल्टचं बटण. अर्धा मिनिट थांबून गेन वाढवा आणि काही न बोलता ऐका. मधूनच फट्‌फट् आवाज आला तर कॅप्सूलमध्ये ओल किंवा धूळ गेलेली असू शकते. कोकणात, पावसाळ्यात तर हे जास्तच तपासा. इंटरफेसवरच शंका असेल तर मोबाइल रिपेअरवाल्याचा मल्टिमीटर वापरा: पिन १ आणि २, मग १ आणि ३ मध्ये ४४ ते ५२ व्होल्ट दिसायला हवेत.

इंटरफेस फोनला ओटीजीने जोडता येतो, पण बऱ्याच फोनची वीज त्याला पुरत नाही. वेगळा चार्जर लावता येणारा यूएसबी हब लागेल, तो खर्च आधीच धरा.

माइक कुरिअरने मागवताय? मग ४८ व्होल्टचा दिवा पेटलेला दिसेल आणि त्याच माइकचा आवाज ऐकू येईल असा व्हिडिओ मागा. पैसे त्यानंतर.