जवळचे रुग्णालय आणि वेळेवरचा उपचार

अंगावरून वारे गेले म्हणजे घरची मंडळी तेल चोळीत बसत आणि दैवाला बोल लावीत. दोष केवळ त्यांच्या अज्ञानाचा नव्हता. डॉक्टरांपाशीही फारसा इलाज नव्हता. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की फुटली, हेच खात्रीने सांगणे कठीण होते. ते सांगणारे साधन लंडनमध्ये पुढे आले. १९७१ साली तेथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेतले. तोच आजचा सीटी स्कॅन.

पुढे १९९५ साली अमेरिकेतील एका चाचणीने दाखविले की, गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास पुष्कळांचे अपंगत्व टळते. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे दिसले. परंतु रक्तवाहिनी फुटलेली असेल तर तेच औषध घातक. म्हणून आधी स्कॅन, मग औषध. आणि हे सारे घाईने, कारण गुठळीने अडलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लक्ष पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

औषध सापडले, आता प्रश्न व्यवस्थेचा होता. लंडनमध्ये पक्षाघाताचे रोगी सुमारे ३० रुग्णालयांत विखुरलेले असत. गाडी जवळच्या रुग्णालयात जाई. पण तेथे रात्री किंवा रविवारी स्कॅन करणारा व तो वाचणारा जागेवर असेलच, असे नव्हते. रुग्णालय जवळ आणि उपचार दूर, अशी ही स्थिती होती.

लॉर्ड डार्झी यांच्या २००७ सालच्या अहवालाने ही सेवा थोड्या ठिकाणी एकवटावी असे सुचविले. २००९ साली योजना लोकांपुढे विचारार्थ ठेवली गेली आणि २०१० साली ती पूर्णपणे अमलात आली. आठ केंद्रे अहोरात्र चालणारी; पहिले सुमारे ७२ तास रोगी तेथे, नंतर घराजवळच्या चोवीस विभागांपैकी एकात. कोणीही गाडीने तीस मिनिटांपेक्षा लांब राहू नये, हा दंडक होता. म्हणून मध्यवर्ती, नामांकित रुग्णालयांबरोबर रॉमफर्ड, ब्रॉमली अशा कडेच्या भागांतही केंद्रे झाली. ठरलेली पातळी राखील त्यालाच वाढीव पैसा, अशीही अट होती.

'आमचे रुग्णालय काढून घेतात' अशी भीती अशा वेळी लोकांना वाटते. ती खुळी म्हणता येत नाही. काटकसरीच्या नावाखाली गोरगरिबांच्या सोयी बंद झालेल्या आपण पाहिल्या आहेत. तेव्हा कसोटी एकच: जे काढले त्याच्या बदल्यात अधिक चांगले दिले काय, आणि ते सर्वांना दिले काय?

ह्या 'सर्वांना' शब्दाचे मोल मँचेस्टरच्या इतिहासावरून कळते. तेथेही सर्व रोगी मोठ्या केंद्रांकडेच न्यावयाचे असे आधी ठरत होते. परंतु काही रुग्णालयांनी हरकत घेतली, तडजोड झाली. चार तासांच्या आत पोहोचतील तेवढेच केंद्रात, बाकीचे पूर्वीसारखे जवळच्या रुग्णालयात. शिवाय तीन केंद्रांपैकी अहोरात्र उघडे एकच.

दोन्ही शहरांत रोग्यांचे रुग्णालयातील दिवस कमी झाले. मृत्यूंचा हिशेब मात्र वेगळा निघाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लंडनमध्ये, उर्वरित इंग्लंडातील सुधारणा वजा जाता, २१ महिन्यांत १६८ मृत्यू टळले. मँचेस्टरमध्ये तसा जादा लाभ दिसला नाही. तेथे शंभरांपैकी अवघे ३९ रोगीच केंद्रांत पोहोचत होते.

कामगारांच्या करारात 'शक्य असल्यास' हे दोन शब्द शिरले की काय होते, हे संघटनेत काम करणारा जाणतो. हक्क कागदावर राहतो आणि दारावरचा माणूस अर्थ लावीत बसतो. येथे तर अर्थ लावायचा होता धावत्या गाडीत, आणि झटका नेमका केव्हा आला हे कित्येकदा कोणालाच ठाऊक नसे. माणूस रात्री निजतो, सकाळी उठतो तो हात लुळा पडलेला. त्याचे चार तास कुठून मोजावयाचे?

मँचेस्टरने २०१५ साली अट काढली आणि सर्व रोग्यांसाठी केंद्रे खुली केली. केंद्रांत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ८६ वर गेले, आणि केंद्रांत उपचार झालेल्यांतील मृत्यूही घटले. औषध तेच, डॉक्टरही बहुधा तेच. नियम बदलला.

तेव्हा आपल्या जिल्ह्यातही 'रुग्णालय किती मैलांवर' एवढेच विचारून थांबू नये. रात्री दोन वाजता तेथे स्कॅन होतो काय, तो वाचणारा कोण, औषध हाताशी आहे काय, आणि गाडीवाल्याला कोठे जावयाचे ते आधीच सांगितलेले आहे काय, हे विचारावे. हे प्रश्न वैद्यकाचे वाटतात, पण नागरिकांनी विचारल्याशिवाय त्यांची उत्तरे तयार होत नाहीत.