अग्निनिवारणाचें शिक्षण : एक जुनें पत्र

श्रीक्षेत्र तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरांत वसलें आहे. श्रीभवानीचें देऊळ खोलगट जागीं असून पायऱ्या उतरून तेथें जावें लागतें. या देवीच्या उपासनेंत अग्नि पावलोपावलीं भेटतो. गोंधळ्याची दिवटी, भक्ताच्या हातांतील तेलानें भिजलेला पोत, आणि नवरात्राच्या आरंभीं येथून ज्योत पेटवून आपापल्या गांवीं धांवत नेणारे तरुण, हा देखावा आम्हीं अनेकदां पाहिला आहे. तो पाहतांना एक प्रश्न मनांत येई. अग्नि हातीं घेण्याची रीत आपल्याकडे बाप मुलास शिकवितो. तो आवरण्याची विद्या कोणीं, केव्हां व कशी शिकविली? या प्रश्नाचा थोडा मागोवा येथें घेण्याचें योजिलें आहे.

(१) या विषयाचें जुनें व सविस्तर विवेचन कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या ग्रंथालयांतील पोथीवरून हा ग्रंथ १९०९ सालीं छापिला, हें वाचकांस विदित आहेच. त्यांतील नागरिकाच्या प्रकरणांत उन्हाळ्याचे नियम येतात. दिवसाच्या चार भागांपैकीं मधल्या दोन भागांत घरांत विस्तव करूं नये. स्वयंपाक करणेंच झाल्यास बाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याच्या पांच घागरी, कुंभ, द्रोणी, शिडी, परशु, सूप, अंकुश, छपराचें गवत ओढण्याची कचग्रहणी व कातड्याची पखाल असावी. रस्त्यांत, चौकांत व वेशींवर पाण्याच्या घागरी ओळीनें मांडाव्या. आग लागली असतां विझविण्यास न धांवणाऱ्या घरमालकास बारा पण दंड, भाडेकऱ्यास सहा. निष्काळजीपणानें आग लागल्यास चौपन्न पण. व्यवस्था चोख आहे. साधनें आहेत, दंडही आहे. परंतु आग कशी लागते व कशी पसरते, हें समजावून सांगणें त्यांत नाहीं. शास्त्रकार आज्ञा करतो, शिकवीत नाहीं.

(२) शिकविणारा लेख आम्हांस आढळतो तो मराठी आहे. इ. स. १६७४ च्या मे महिन्यांत, राज्याभिषेकास जेमतेम महिना उरला असतां, शिवाजी महाराजांचें एक पत्र चिपळूणजवळील हलवर्ण येथें छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस गेलें. रयतेस उपद्रव न देण्याच्या ताकिदीसाठीं हें पत्र सर्वत्र उद्धृत होतें. त्यांतील आगीसंबंधींचा मजकूर मात्र त्या मानानें दुर्लक्षित राहिला आहे.

पावसाळा तोंडावर होता. घोड्यांसाठीं खण उभारलेले, गवताच्या लहळ्या रचलेल्या. अशा स्थितींत काय घडूं शकेल, हें पत्रांत क्रमानें सांगितलें आहे. कोणी आगट्या करील, कोणी भलत्याच जागीं चूल मांडील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल. आणि गवत पडलें आहे, वारें सुटलें आहे, हें ध्यानांत घेणार नाहीं. एक ठिणगी लहळीवर गेली कीं एकामागून एक सर्व लहळ्या जातील. एका खणास लागली कीं सारे खण जळतील. रात्रीं घरांत दिवा राहिला तर उंदीरही पेटती वात ओढून नेईल. म्हणून अंमलदारांनीं वरचेवर फिरून पाहावें. आणि मग मुद्द्याची गोष्ट येते : मागाहून कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस कितीही ताकीद केली, तरी खणासाठीं एक लाकूडही परत मिळणार नाहीं.

आजचें अग्निशास्त्र सांगतें कीं जळणारा पदार्थ, हवा व उष्णता या तिहींचा योग झाल्याखेरीज आग होत नाहीं. पत्रांत गवत, वारें व ठिणगी हीं तिन्ही एकत्र आलीं आहेत. लिहविणारास रसायनशास्त्र अवगत होतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास अनुभव होता, व तो दुसऱ्यास समजेल असा सांगण्याची हातोटी होती. कौटिल्याचा भर दंडावर, तर या पत्राचा भर दंडाच्या निरुपयोगावर आहे. शिक्षणाचा आरंभ येथेंच होतो.

(३) हें तत्त्व पुढें फार मोठ्या किंमतीस पटलें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील कापसास आग लागली. त्याच जहाजांत सुमारें चौदाशें टन स्फोटकें होतीं, आणि धोक्याचें लाल निशाण लाविलेलें नव्हतें. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. शौर्य कमी नव्हतें. जहाजाच्या पोटांतील धोका ओळखून वेळींच हालचाल झाली नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं रामपूर येथें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय निघालें व पुढल्याच वर्षीं तें नागपुरास आलें. आज्ञा, साधनें आणि कारणांचें ज्ञान हीं तेथें एका अभ्यासक्रमांत आलीं.

परंतु शिकलेला जवान पोहोंचण्यापूर्वीं शेजारीच पोहोंचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें जड धाब्यांसह निजलेल्या माणसांवर कोसळलीं, तेव्हां ढिगारे प्रथम उपसले ते शेजाऱ्यांनीं, हातांनीं. म्हणून हें शिक्षण घराघरांत जाणें अवश्य आहे.

(४) येथें आम्हांस आमचा दोष सांगितला पाहिजे. आम्हीं तीस वर्षें मुलांकडून अमरकोशांतील अग्नीचीं नांवें पाठ करवून घेतलीं. शाळेस आग लागल्यास कोणत्या दारानें बाहेर पडावें, हें एकदांही करवून घेतलें नाहीं. १६ जुलै २००४ रोजीं कुंभकोणम् येथें स्वयंपाकघरांतील विस्तव शाळेच्या गवती छपरास लागून ९४ मुलें गेलीं. विस्तव आणि गवत! हलवर्णच्या पत्रांतील तेंच प्रकरण, तीनशें तीस वर्षांनंतर.

तुळजापुरीं ज्योत घेण्यास येणाऱ्या तरुणांस निघण्यापूर्वीं दोनच गोष्टी कोणी करून दाखवाव्या. पेटलेल्या तेलावर पाणी ओतूं नये, वाळू टाकावी. अंगावरचें वस्त्र पेटल्यास धांवूं नये, जमिनीवर लोळावें. यास घटकाभरही लागणार नाहीं.

आणि संग्राहक बंधूंस एक विनंति. जुन्या सनदांचे रुमाल एका घरीं देवघराच्या फळीवर, नेमके समईच्या वर ठेविलेले आम्हीं पाहिले. मालकांस आम्हीं हलवर्णचें पत्र वाचून दाखविलें. उंदराचें वाक्य येतांच ते हंसले, उठले, आणि रुमाल दुसऱ्या खोलींतील पेटींत नेऊन ठेविले. जुना कागद एवढें करूं शकतो. वाचकांनीं आज रात्रीं आपल्या दप्तराजवळचा दिवा एकदां पाहून यावा.