खापर, शिसे, लोखंड आणि आमच्या घरचे नळ

गेल्या उन्हाळ्यात अम्मीने वजूसाठी नळ सोडला आणि ओंजळीत तांबूस पाणी आले. ओंजळ तशीच रिकामी करून तिने बादलीतले पाणी घेतले आणि मला म्हणाली, याचा काहीतरी बंदोबस्त कर. घर अब्बांनी बांधलेले. नळही तेव्हाचेच, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. प्लंबरने एक तुकडा कापून हातात दिला. अर्ध्या इंची नळात गंज आणि क्षार असे साचले होते की पेन्सिल जेमतेम आत जावी. "सर, नवीन काय टाकायचे ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. मास्तरला प्रश्न विचारला की तो पुस्तकाकडे धावतो. मीही धावलो, आणि थेट रोमला पोहोचलो.

प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लम्बम'वरून आला. रोमन लोकांना शिसे आवडे. ते सहज वाकते, हवा तसा आकार घेते. पण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला त्यांचाच वास्तुकार विट्रुव्हियस लिहून गेला आहे की शिशाच्या नळापेक्षा खापराच्या नळातले पाणी आरोग्याला चांगले. त्याचा पुरावा साधा होता : शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे पांढुरके पडतात. खापरी नळ फुटला तर कोणीही दुरुस्त करू शकतो, हेही त्याने सांगितले. सांध्यांना तेलात कालवलेला चुना भरावा, असा त्याचा सल्ला होता. तरीही शिसे गेले नाही. सोय समोर दिसते, विष दिसत नाही.

खापराचे नळ पाहायला मला मात्र रोमला जायची गरज नाही. मी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. कमी पावसाच्या मुलखात राजधानी उभी करायची तर आधी पाण्याचे बघावे लागते. उत्तरेच्या डोंगराकडचे भूगर्भातले पाणी त्याने बांधीव भुयारी मार्गांनी आणि खापरी नळांनी शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पाणी ढकलायला यंत्र नव्हते, होता फक्त जमिनीचा उतार. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसाठीही असेच दुरून खापरी नळांतून पाणी आणले गेले.

खापर फार दाब सोसत नाही. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले. तिथे पाण्याचा जोर कमी होई आणि कोंडलेली हवा निघून जाई. आत उतरून गाळ काढता यावा म्हणून झरोकेही ठेवले. म्हणजे नळ कमजोर आहे हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते आणि बाकीची सगळी रचना त्यांनी त्याला सांभाळून घेणारी केली होती. शहर वाढले, वर घरे-रस्ते आले, नळ कुठून जातो हे लोक विसरले, तसे खोदकामात नळ फुटत गेले.

नळ आणि पाणी यांचा मेळ बिघडला की काय होते, याचा धडा अमेरिकेने अलीकडेच घेतला. तिथे नवीन शिशाच्या नळांवर १९८६ मध्ये बंदी आली, पण जुने जमिनीतच राहिले. २०१४ मध्ये फ्लिंट शहराने खर्च वाचवण्यासाठी नदीचे पाणी घेतले आणि गंज रोखणारे द्रव्य त्यात घातले नाही. जुन्या नळांच्या आतला थर सुटला आणि शिसे घराघरांतल्या पेल्यात उतरले. नळ तेच होते, पाणी बदलले होते. आपल्याकडेही पीव्हीसी नळ टिकाऊ करण्यासाठी शिशाचे क्षार वापरत. ते हटवण्याचा नियम २०२१ मध्ये आला. दोन हजार वर्षांपूर्वीचे विट्रुव्हियसचे भांडण अजून चालूच आहे म्हणायचे.

आता आमचे घर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. लोखंडाचा नळ कधी ओला, कधी कोरडा राहतो, आत हवा शिरते, म्हणून तो लवकर गंजतो. पाणी जड, त्यामुळे क्षारही साचतात. तेव्हा पुन्हा जीआय नको. तांबे चांगले, पण महाग. आणि जुन्या जीआयला थेट जोडले तर लोखंडच आणखी वेगाने खराब होते. साधा यूपीव्हीसी थंड पाण्याला ठीक, गीझरच्या पाण्याने तो मऊ पडतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी. मात्र तो गच्चीवर उघड्या उन्हात ठेवायचा नाही. पीपीआरही गरम पाण्याला चालतो, पण त्याचे सांधे यंत्राने तापवून जोडावे लागतात, तो सराव असलेला माणूस हवा.

आम्ही भिंतीतून सीपीव्हीसी घेतला. पिण्याच्या गरम-थंड पाण्याच्या या नळासाठी आयएस १५७७८ हे भारतीय मानक आहे. तो आकडा नळावर छापलेला पाहूनच माल घेतला. गीझरजवळचा जोड धातूचा ठेवला. जुन्या जीआयचा एकही तुकडा भिंतीत राहू दिला नाही.

प्लंबरला त्याच संध्याकाळी गिलावा करायचा होता. मी म्हटले, रात्रभर पाणी दाबाने भरून ठेवू. सकाळी मोरीच्या कोपऱ्यातला एक सांधा पाझरत होता. भिंत बुजली असती तर ते आम्हाला ओल चढल्यावर कळले असते. सांधा बदलला, पुन्हा एक रात्र थांबलो आणि मग प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, फोटो काढले. ते छापून अब्बांच्या घराच्या कागदांच्या फाइलीत ठेवले आहेत. उद्या माझ्या मुलाने खिळा ठोकायला हातोडा उचलला, तर आधी त्याने ती फाइल उघडावी.

अम्मीने नवा नळ सोडला, पाणी उजेडात धरून पाहिले आणि मग चूळ भरली.