नळ्या लावू नका म्हणालेली आत्या

सांगलीच्या एका दवाखान्यात आत्याला व्हेंटिलेटर लावायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी आतेभावापुढे संमतीचा कागद ठेवला. त्याने साताऱ्याला मला फोन लावला, "ताई, काय करू?" 'मला नळ्या लावू नका रे' असं आत्या दहा वेळा म्हणाली होती, पण जेवता जेवता. त्याने सही केली. अकरा दिवसांनी ती गेली.

त्यानंतर मी विनोबांवर पुन्हा वाचू लागले. आम्हा सातारकरांना ते वाईमुळे जवळचे. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे ते १९१७ साली शिकायला होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी औषध, अन्न, पाणी सगळंच थांबवलं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, निर्णय तोच राहिला. १५ तारखेला पवनारलाच ते गेले. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा कलम ३०९ खाली गुन्हा होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

सांगलीकडच्या जैन घरांत दुसरं नाव निघतं, आचार्य शांतिसागर महाराजांचं. दृष्टी जाऊ लागली. पायाखालचा जीव दिसेना तर अहिंसा पाळायची कशी? म्हणून १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. हा धर्माचरणाचा भाग, उपचार नाकारण्याहून वेगळा. पण दोघेही शेवटचा निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगू शकले, आणि त्यांचा शब्द मोडायची भोवतालच्यांची छाती नव्हती. आत्याचा शब्द मोडायला 'लोक काय म्हणतील' एवढं पुरलं. आतेभावाला तरी किती दोष द्यायचा? फोनवर मीही गप्पच होते.

बेशुद्ध माणसाचा शब्द टिकावा अशी सोय कायद्यात बरीच उशिरा आली. केईएममध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मान्य केली. आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता मिळाली ९ मार्च २०१८ ला. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे; ती कोण आणणार? २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, ते आहेच.

गेल्या महिन्यात आतेभाऊ आणि मी साताऱ्यात नोटरीकडे गेलो. "मृत्युपत्र ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, त्याच्या आधीचं." त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.