घरातलं माणूस गेल्यावर मुलांना कसं सांगावं, कसं सांभाळावं

घरात मृत्यू झाला की मोठ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो "गेले". आपल्याला त्याचा अर्थ कळतो. चार वर्षांचं मूल मात्र विचारतं, "कुठे गेले?" मग "गावाला", "देवबाप्पाकडे" अशी उत्तरं दिली जातात. ती मायेपोटीच असतात, पण त्यांतून नवे गुंते होतात. बाबा गावाला गेलेत असं ऐकलेलं मूल वाट पाहत राहतं, न सांगता गेले म्हणून रुसतं. "आजी झोपली आहे" म्हटल्यावर स्वतः झोपायला घाबरू शकतं. "चांगली माणसं देवाला आवडतात" हे ऐकून शहाण्यासारखं वागायचीच भीती बसू शकते.

म्हणून खरं सांगा, थोडक्यात सांगा. मुलाच्या सर्वांत जवळच्या माणसाने, त्याला जवळ घेऊन सांगावं: "बाबा वारले. म्हणजे त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत." नंतर देवाबद्दल, ताऱ्याबद्दल घरच्या श्रद्धेप्रमाणे जरूर बोला, पण हे आधी. आत्महत्या असेल तरीही कारण लपवू नका. तपशील न देता, वयाला झेपेल एवढं सांगा. नाहीतर ते शेजाऱ्यांकडून किंवा शाळेत कळतं, आणि मग तुमच्यावरचा विश्वास उडतो.

पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे समजत नाही. तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारतील. तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत हे हळूहळू उमगतं.

न विचारलेले तीन प्रश्न

माझ्यामुळे झालं का? मला किंवा आईलाही असंच होईल का? आता माझं कोण करणार? हे तीन प्रश्न बहुतेक मुलांच्या मनात असतात. "मी हट्ट केला म्हणून बाबांना ॲटॅक आला" असं एखादं मूल महिनोन्‌महिने मनात धरून बसतं. त्याने विचारायची वाट पाहू नका. "तुझ्या बोलण्याने, रागावण्याने हे झालेलं नाही" असं आपणहून सांगा. शाळेत कोण सोडणार, डबा कोण करणार, रात्री जवळ कोण असेल, हेही सांगा. "मी कधीच मरणार नाही" असं वचन मात्र देऊ नका.

मुलं सलग दुःख करत नाहीत. आत्ता रडणारं मूल दहा मिनिटांत क्रिकेट खेळायला पळतं. त्याला "काही वाटत नाही" असं नातेवाईक म्हणतील. तुम्ही म्हणू नका. अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, चिकटून राहणं, चिडचिड ही दुःखाचीच रूपं असू शकतात. रागावू नका. पोटदुखी टिकली तर डॉक्टरांना दाखवा.

अंत्यदर्शन, स्मशान, दिवस यांना मुलांना न्यावं का? आधी तिथे काय दिसेल ते सांगा, शरीराला आता भाजत नाही हेही, आणि त्यालाच विचारा. "नको" म्हणालं तर जबरदस्ती नको. सोबतीला असं माणूस द्या, जे मुलाला घेऊन मध्येच बाहेर पडू शकेल.

किशोरवयीन मुलांकडे बहुतेकदा दुर्लक्ष होतं, कारण ती कामाला लागतात. पंधरा वर्षांच्या मुलाला भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "आता घरातला कर्ता तूच." मुलीला सांगतात, "आईला सांभाळ." हे कृपया थांबवा, पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगा. त्यांना मित्रांशी जास्त बोलावंसं वाटेल, त्याने दुखावू नका. तुम्हाला रडू आलं तर लपवायची गरज नाही. "मला बाबांची आठवण आली" एवढं पुरतं.

शाळेत वर्गशिक्षकांना कळवा. जेवण-झोपेच्या वेळा शक्य तितक्या पूर्वीसारख्या ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावं

सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता कमी होत नसेल, शाळा, खेळ, मित्र सुटले असतील, झोप किंवा खाणं बिघडलेलंच असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याआधीही काळजी वाटली तर जायला हरकत नाही. "मला बाबांकडे जायचंय" हे लहान मूल अनेकदा आठवणीने म्हणतं. तरी म्हणजे काय, हे शांतपणे विचारा. मरण्याबद्दल बोलणं, स्वतःला इजा करणं, व्यसन यांत थांबू नका, मुलाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक मोफत असून दिवसरात्र सुरू असतात.