मॅग्नेटोटेल्युरिक प्रतिमानन, खानदेशातील

मॅग्नेटोटेल्युरिक प्रतिमानन, खानदेशातील : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील नैसर्गिक चढउतारांमुळे जमिनीत विद्युत् प्रवाह निर्माण होतात. पृष्ठभागावर विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे एकाच वेळी मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून भूगर्भाची रोधकता काढण्याची ही पद्धत. पाया : आंद्रेई तिखोनोव (१९५०), लुई कान्यार (१९५३).

माध्यम : खानदेशातील अमळनेर तालुक्याच्या उत्तरेस तापीकाठचा गाळ, दक्षिणेस दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टात असंख्य उभ्या भित्ती (डाइक) घुसलेल्या आहेत. तेथे रोधकता दिशेनुसार बदलते.

गणित : या नैसर्गिक चढउतारांच्या कमी वारंवारतेला मॅक्सवेल समीकरणांतील विस्थापन प्रवाह नगण्य ठरतो आणि क्षेत्र उष्णतेसारखे झिरपत खाली जाते. किती खोल, हे रोधकता (ओहम-मीटर) व आवर्तकाल (सेकंद) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या निम्मे किलोमीटर, असे ढोबळमानाने निघते. १ सेकंदाच्या लहरीला १० ओहम-मीटरच्या गाळात सुमारे १.६, तर १०० ओहम-मीटरच्या बेसाल्टात ५ किलोमीटर. आडव्या थरांचे उत्तर कागदावर सुटते; भित्ती, भ्रंश आले की सांत भेद किंवा सांत घटक पद्धत आणि संगणक लागतो. मोजमापावरून उलट रचना शोधताना एकाच नोंदीला अनेक रचना जुळतात. त्यांतली सर्वांत गुळगुळीत निवडण्याचा नियमनाचा मार्गही तिखोनोव यांचाच.

अडथळे : पृष्ठभागालगतची लहानशी विषमता विद्युत् क्षेत्र विकृत करते आणि रोधकतेचा संपूर्ण आलेख वर किंवा खाली सरकतो. अमळनेरवरून जाणारा विद्युतीकृत सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि शेतपंपांच्या वाहिन्या ५० हर्ट्‌झचा गोंगाट मिसळतात. ही अडचण जुनीच : मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. तेथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याच्याही १९०६ पर्यंत समांतर चालू ठेवल्या, म्हणूनच ही मालिका अखंड राहिली.

अभ्यास : भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सी. के. राव, एस. जी. गोकर्ण व बी. पी. सिंग यांचा तोरणी-पूर्णाड पट्ट्यावरील निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदा-तापी पट्ट्यातील खोल संवाहक भाग द्रवांमुळे की अन्य कारणाने, याविषयी एकमत नाही.

उपयोग : ट्रॅपखाली दडलेल्या गाळखडकांचा शोध. विंधन विहिरीची जागा मात्र या दीर्घ आवर्तकालाच्या नोंदींवरून ठरवू नये. विहिरीच्या खोलीसाठी साधे विद्युत् रोधकता सर्वेक्षणच करावे.